वरून घेतलेला घोट

...पिंपळीचा एक तुरा खलाच्या काठावरून निसटून फरशीवर गेला होता, आणि तो उचलावा की तसाच राहू द्यावा, याचा निर्णय गुरुमूर्तींना होत नव्हता. बोटाच्या पेराएवढा, काळपट, खडबडीत. वाकायचं म्हणजे गुडघे वाजणार. गुडघे वाजले की बाहेर व्हरांड्यातल्या खुर्चीत नुकता डोळा लागलेली गोमती जागी होणार. जागी झाली की पदर सावरून ताठ बसणार, आणि ताठ बसली की खोकणार... एका पिंपळीसाठी सगळी सकाळ वाया. राहू दे तिथेच. पण कुटायच्या ढिगात एक पिंपळी कमी पडली, हे काही केल्या मनातून जाईना. शेवटी त्यांनी ती पायाच्या अंगठ्याने जवळ ओढली, भिंतीला धरून ते वाकले, गुडघे वाजलेच, आणि बाहेर गोमती उठून बसली.

आधी कोरडा खोकला. मग तो लांबलचक, ज्याच्या शेवटी श्वास हाती लागेपर्यंत ती तोंड उघडं ठेवून कुठेतरी दूर पाहत राहते. बायकोच्या चेहऱ्यावरची ती नजर गुरुमूर्तींना अजिबात आवडत नसे. आपण खोलीत नाहीच, अशी ती नजर असे.

"गुडघ्यांस तेल लावीत जा की," खोकला ओसरल्यावर ती घरच्या तंजावरी मराठीत म्हणाली. "अस्क्या वसाहतीस ऐकूं येतें."

अख्ख्या वसाहतीला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. निम्म्या वसाहतीच्या कानांत यंत्रं होती. कुंभकोणम मागे टाकून गोविंदपुरमच्या रस्त्याला लागलं की भाताच्या शेतांमधे ही बैठी घरं दिसतात — सगळी एका रंगाची, प्रत्येक दारात एक खुर्ची, खुर्चीत एक म्हातारं माणूस. मुलं दूर गेलेल्यांनी पुढची सोय म्हणून घेतलेली जागा. प्रत्येक घराला एक खोली, एक कोपऱ्यातली शेगडी, आणि पुढे व्हरांडा. जेवण सगळ्यांचं एकत्र, मोठ्या हॉलमधे. मार्गळीचा, म्हणजे ऐन थंडीचा, महिना चालू होता. महाराष्ट्रातल्या माणसाला हसू येईल एवढीच इथली थंडी, पण पहाटे दव पडतं आणि दव कानांतून आत शिरतं असं इथे सगळे मानतात, म्हणून गोमतीच्या कानांवर मफलर होता, मानेभोवती दुसरा होता, आणि पायांत मुलाने, गिरिधरने, बंगळूरहून पाठवलेले लोकरीचे मोजे होते. एवढ्या बंदोबस्तातून खोकला आत शिरत होता कुठून, हे गुरुमूर्तींना कळत नव्हतं. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं होतं त्यांचं. कावेरीचे कालवे, अरसलार नदीचे दरवाजे, कुठे किती सोडायचं, कुठे अडवायचं. पाणी जिथे जायला नको तिथे जात असेल तर वर कुठेतरी फट असते, ती शोधायची, बुजवायची. नुसतं हळहळत बसणाऱ्या माणसाचा त्यांना जन्मभर राग होता.

आणि आज तर बसून चालणार नव्हतं. आज संध्याकाळी लावण्या विचारायला येणार होती. लावण्या म्हणजे वसाहतीची व्यवस्थापक — मुलीच्या वयाची, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, बोलणं इतकं मऊ की वाईट बातमी ऐकून झाल्यावर कळावी. दोन दिवसांमागे ती दारात येऊन उभी राहिली होती. नर्सिंग ब्लॉकमधे एक खोली रिकामी झाली आहे, मामा. मामींना तिकडे हलवायचं का, तेवढं ठरवा... रात्रीची झोप सगळ्यांनाच हवी ना. म्हणजे कुणीतरी तक्रार केली, हे गुरुमूर्तींनी तेव्हाच ताडलं होतं. नर्सिंग ब्लॉक म्हणजे बागेपलीकडची लांबट इमारत. तिकडे रात्री नवऱ्याला राहता येत नाही, बायकोला राहता येत नाही, कुणालाच राहता येत नाही. संध्याकाळची आरती झाली की नातेवाईकांनी निघायचं, सकाळी कॉफीच्या वेळेला परत यायचं. आणि तिथून आपल्या घरी परत आलेलं माणूस गुरुमूर्तींनी अजून पाहिलेलं नव्हतं. खोल्या रिकाम्या होतात त्या कशा होतात, हे इथे कुणी कुणाला विचारत नाही.

"खोकला बसत आला आहे," त्यांनी लावण्येला ठासून सांगितलं होतं. "दोन दिवस द्या."

हे खोटं नव्हतं. पुरावा होता त्यांच्याकडे. रात्री ती खोकायला लागली की ते उठत, दिवा लावत, काढा गरम करत — आल्याचा कधी, कधी मिरी-हळद घातलेल्या दुधाचा, ताडाची खडीसाखर टाकून — आणि पेला घेऊन पलंगाशी उभे राहत. ती उठायची, प्यायची. पिताना एक उबळ हमखास यायची, ती औषध घशाला लागल्याची खूण, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. वाट मोकळी होताना गाळ ढवळायचाच. पण त्यानंतर? त्यानंतर शांत. अगदी शांत. दिवा मालवून ते पडत, कान देऊन ऐकत, आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज असे, आणि त्या शांततेत आपण केलेल्या कामाचं समाधान घेऊन त्यांना झोप लागे. नंतर पुन्हा केव्हातरी खोकल्यानेच जाग येई, ते खरं. पण तो मधला वेळ — तो तर औषधाचाच होता ना? तो वाढवत न्यायचा. आज पिंपळीला ज्येष्ठमधाची जोड द्यायची, छातीला तेल लावून शेकलेली विड्याची पानं बांधायची, उशीखाली आणखी एक उशी. एक रात्र पुरी शांत गेली की झालं; मग लावण्येची ती खोली तिला लखलाभ.

गिरिधरसुद्धा फोनवर रोज काहीतरी पाठवतोच. रात्रीच्या खोकल्यावर घरगुती उपाय, शांत झोपेसाठी हे करून पाहा... मध, वाफ, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, खोलीत ओलावा, डोकं उंच. शेवटी नेहमी एक ओळ असते: खोकला फार दिवस राहिला तर डॉक्टरांना दाखवा. ती ओळ गुरुमूर्ति वाचत नाहीत. डॉक्टरांना दाखवून झालं आहे. तंजावरच्या त्या थंडगार खोलीत पडद्यावर गोमतीची फुप्फुसं उजळली होती, कडेकडेने जाळं धरलेली, आणि डॉक्टर पेनच्या टोकाने ते जाळं दाखवत सांगत होते की हे आतून ताठ होत चाललं आहे, हे मागे फिरत नाही, खोकला राहणार. त्यांना आराम वाटेल असं पाहा. गोमती शेजारीच बसली होती. तिने सगळं ऐकलं. बाहेर आल्यावर म्हणाली, इथें कॉफी बेष मिळते म्हणतात, घेऊंया कां? आणि गुरुमूर्तींनी त्या सगळ्या बोलण्यातलं एकच वाक्य बरोबर घरी आणलं होतं. आराम वाटेल असं पाहा. पाहतोय की! मी दुसरं करतोय काय?

चाटण तिला देऊन, ती चाटेपर्यंत समोर उभे राहून, ते बसने कुंभकोणमला गेले. मोठ्या देवळामागच्या गल्लीत नाटुमरुंदुचं दुकान आहे, म्हणजे झाडपाल्याच्या औषधांचं. आत शिरलं की मुळ्या, साली, बिया आणि गोणपाटाचा एक गरम वास नाकात बसतो. दुकानदार त्यांना ओळखायला लागला होता, आणि ही ओळख गुरुमूर्तींना नकोशी होती. औषधाच्या दुकानात कुणी आपल्याला ओळखू नये. ज्येष्ठमध मागितलं तर तो म्हणाला, मागच्या वेळी नेलं होतं ते संपलं? पिंपळी मागितली तर म्हणाला, अजून खोकला आहेच का? मग काचेच्या बरणीतून दुसरंच एक मूळ काढून, हे न्या सर, चित्तरत्तै, याने उतार नाही पडला असं झालेलं नाही, असं तो म्हणाला, आणि पुडी बांधता बांधता त्याला स्वतःलाच खोकला आला. एकदा, दोनदा. मग त्याने पांढरी गोळी तोंडात टाकली, इंग्रजी औषधांच्या दुकानात मिळते ती. गुरुमूर्तींनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. पुडी घेतली. कोवळी विड्याची पानं घेतली. हातात काहीतरी असलं की बरं वाटतं.

परतीच्या बसमधे पुढच्या सीटवरच्या बाईने बाटली उंच धरून पाणी प्यायला सुरुवात केली आणि नेमका तेव्हाच बसने खड्डा घेतला. एक थेंब सांडला नाही. गुरुमूर्तींना कौतुक वाटलं, आणि कौतुकामागोमाग गोमती आठवली, नवी नवी, लग्न होऊन घरी आलेली... तिचे वडील पापनाशमला रेल्वेत. क्वार्टर्समधे वाढलेली पोर, तिथे कोण कसं पितं हे बघायला कुणाला वेळ होता? पहिल्या सकाळी तिने कॉफीच्या पेल्याला सरळ ओठ लावले. त्या घरात ओठ लागलेला पेला उष्टा. कॉफी पिऊन झाल्यावर अम्माने, गुरुमूर्तींच्या आईने, तो पेला दोन बोटांनी उचलला आणि मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशी, बाकीच्या भांड्यांपासून वेगळा नेऊन ठेवला. एवढंच. त्यानंतर गोमती कितीतरी दिवस दुपारी सगळे निजल्यावर विहिरीशी उभी राहून पाण्याचा पेला उंच धरून प्यायला शिकत होती. माडीच्या खिडकीतून त्यांनी पाहिलं होतं — मान मागे टाकलेली, हनुवटीवरून, गळ्यावरून पाणी, चोळी भिजलेली, ठसका, पुन्हा पेला वर... ते हसले होते, प्रेमानेच हसले होते. आणि मग एके दिवशी तिला जमलं. मनगट जरा वर, पाण्याची बारीक अखंड धार, घोट दिसतसुद्धा नाही. पाहुणे आले की गुरुमूर्ति मुद्दाम पाहायचे तिच्याकडे. आमच्या घरात आली आणि आमची झाली, असं काहीसं वाटायचं. अजूनही ती तशीच पिते. दुखण्यातसुद्धा तिने एकदाही पेल्याला तोंड लावलेलं नाही. बस थांबली तेव्हा ते उठायला विसरले आणि कंडक्टरने ओरडून त्यांना उतरवलं.

घरी आले तर खुर्ची रिकामी. हॉलमधे गेली असेल जेवायला. ते हॉलमधे गेले. गोमती जेवून गेली होती, वाढणाऱ्या बाईने सांगितलं, पण हनुमंतराव होते. हनुमंतराव म्हणजे भिंतीपलीकडचे शेजारी, तंजावरचे, आपल्यातलेच. वसाहतीत मराठी बोलणारं हे एवढं एकच दुसरं दार, आणि त्याच दाराने तक्रार करावी, याचा राग गुरुमूर्तींच्या मनात दोन दिवस शिजत होता. दुसरं कोण करणार? भिंत एकच. पापडाचा तुकडा मोडत हनुमंतराव रसम-भात कालवत होते, आणि त्यांच्या तब्येतीने जेवण्याचाही गुरुमूर्तींना राग आला.

"राव, मज सांगायचें होतें," ते समोर बसत म्हणाले. "ऑफिसांत जाऊन सांगण्यापरीस मज सांगायचें होतें."

"काय?"

"खोकल्याचें."

"कोणास खोकला?"

"हनुमंतराव, थट्टा पुरे. रात्रीं तुमची झोंप मोडते म्हणून लावण्येस सांगितलेंत. आपल्या माणसानें आपल्या माणसाविषयीं..."

हनुमंतरावांनी उजव्या हाताचा भात तसाच ठेवून डाव्या हाताने कानातलं यंत्र चाचपलं, जरा फिरवलं, आणि पुन्हा सगळं सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगताना त्या वाक्यांतला जोर गेला होता.

"मीं?" ते म्हणाले. "अरे, रात्रीं हें काढून डबींत ठेवितों. मग इंद्र येऊन गर्जला तरी मज कळना. वहिनींस खोकला आहे हेंच मज आतां कळलें." मग भाताकडे पाहत, जरा खालच्या आवाजात, "फार आहे कां?"

हे विचारणं इतकं साधं होतं की गुरुमूर्तींना तिथे बसवेना. फार आहे का. फार आहे, राव. इतका आहे की तो थांबल्यावर जो उरेल, त्याचा विचार करायला लागू नये म्हणून मी दिवसभर खल कुटतो. पण असं कुणी कुणाला सांगत नाही. "औषध चालू आहे," ते म्हणाले, आणि न जेवता उठले.

ऑफिसात लावण्या फोनवर होती. तिने त्यांना बघून फोन आटोपता घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तिला काय कळायचं ते कळलं असावं, कारण ती खुर्ची पुढे करून स्वतः उभी राहिली.

"तक्रार कुणी केली?" त्यांनी तमिळमधे विचारलं. तमिळमधे ते नेहमीच अधिक कडक वाटतात. ऑफिसची भाषा ती.

"तक्रार नाही मामा, कुणीच केली नाही."

"मग खोलीचं कुणी काढलं?"

लावण्येने टेबलावरचं पेन उचलून पुन्हा तिथेच ठेवलं. "मामींनी विचारलं होतं. खोली रिकामी झाली तर सांग, असं त्या कधीच्या म्हणत होत्या. तुम्हांला त्याच सांगतील असं मला वाटलं... मला वाटलं तुमचं बोलणं झालं असेल." आणि मग, आणखी मऊ आवाजात, "दुपारच्या त्या तिकडेच असतात ना. तुम्ही गावात जाता तेव्हा. आत्ताही तिथेच आहेत."

बागेतून जाताना त्यांच्या हातात पुडी होती आणि विड्याची पानं होती, ती ऑफिसात ठेवायची सुचली नव्हती. कडेला कापणी झालेल्या शेतात मोर हिंडत होते. मनात फार काही नव्हतं. एक वाक्य होतं — काहीतरी चूक होतेय, लावण्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असेल — आणि ते वाक्य चालण्याच्या तालावर पुन्हा पुन्हा येत होतं. नर्सिंग ब्लॉकच्या खिडक्यांना डासांची जाळी आहे. बाहेरच्या उजेडातून आतलं नीट दिसत नाही, जाळीला नाक लावावं लागतं. सत्तरी ओलांडलेल्या, कालव्यांच्या दरवाज्यांच्या हुकमांवर सह्या केलेल्या माणसाने जाळीला नाक लावलं.

गोमती पलंगावर रेलली होती. मफलर नव्हते. केस सुटलेले होते, उशीवर पसरलेले, पांढरे. दिवसाउजेडी सुटे केस कधी पाहिले होते तिचे? ती खोकत होती. कोपऱ्यात नर्स पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने मान वळवली नाही. गोमती खोकली, भरपूर खोकली, मोठ्याने, तोंडावर हात न धरता, एका कुशीला वळून, मग पुन्हा खोकली, आणि उबळ संपल्यावर तिने बाजूच्या टेबलावरचा मग घेतला. नुसतं गरम पाणी असावं, वाफ दिसत होती. दोन्ही हातांत तिने तो मग धरला आणि ओठांना लावला. काठावर ओठ टेकवून, डोळे मिटून, ती एक घोट प्यायली. थांबली. आणखी एक घोट. ठसका नाही. उबळ नाही. पाणी आत जात होतं आणि आतच राहत होतं.

गुरुमूर्तींना पहिल्यांदा लाज वाटली. कुणीतरी तिला असं बघतंय याची. म्हणजे आपणच बघतोय याची. परक्या पुरुषासमोर तिने पदर टाकला असता तरी इतकं वाटलं नसतं. मग हळूहळू दुसरं काहीतरी वर यायला लागलं... रोज रात्री, मान मागे टाकून, मनगट उंच धरून, कढत काढ्याची ती बारीक सुंदर धार सरळ त्या खोकून सोलवटलेल्या घशात. दर वेळची ती उबळ. औषध लागल्याची खूण. मी दिवा लावून उभा. मी म्हणायचो, आणखी घे.

हातातला मग टेबलावर ठेवून ती झोपली. झोप लागताना तिचं तोंड किंचित उघडं राहिलं. मधेच खोकली, झोपेतच, आणि झोप मोडली नाही. ते किती वेळ तिथे उभे होते कुणास ठाऊक. जाळीची नक्षी कपाळावर उमटली होती, हे घरी आरशात दिसलं.

ती परत आली तेव्हा केस बांधलेले होते, दोन्ही मफलर जागच्या जागी होते. गोविंदपुरमच्या बाजूने लाउडस्पीकरवरचं भजन वाऱ्याबरोबर तुटत तुटत येत होतं. शेगडीवर काही चढलेलं नाही, खल कोरडा आहे, हे तिने आल्या आल्या पाहिलं, त्यांच्या कपाळावरची जाळीची नक्षीही पाहिली, आणि ती पलंगाच्या कडेवर बसली.

"पाहिलेंत," ती म्हणाली.

"तूं सांगितलेंस लावण्येस."

"होय."

"मज कां नाहीं सांगितलेंस?"

तिने जरा विचार केला. "तुम्ही नवें औषध आणिलें असतें."

त्यांनी टेबलावरच्या पुडीकडे पाहिलं नाही. "तिथें खोकला कमी होतो कां?"

"नाहीं. तितकाच."

"मग?"

"तिथें कोणी उठत नाहीं," ती म्हणाली. आणि मग, इतक्या वर्षांत तिने सलग इतकं कधी बोलावं, तेवढं बोलली, मधे मधे श्वास घेत. "तुम्ही पेला घेऊन उभे राहतां. तुम्ही उभे असतां मी निजून कशी राहूं? उठतें. केस बांधतें. पदर घेतें. औषध घेतें. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहतां, बेष वाटतें कां म्हणून. बेष वाटतें म्हणतें. मग दिवा जातो, आणि तुम्ही कान देऊन पडतां, तें मज कळतें. मग मी खोकला धरून ठेवितें. तुम्हांस झोंप लागेतों धरितें. छाती फुटेल असें होतें, तरी धरितें. तुम्ही घोरूं लागलांत की सोडितें."

पंखा फिरत होता. गुरुमूर्तींना वाटलं, कुणीतरी फार दूरवरच्या कालव्याबद्दल सांगतंय, ज्याचे आकडे आपल्या दप्तरात सगळे चुकीचे लिहिलेले होते. ती शांतता. तो मधला वेळ. तोच दाखवणार होतो ना मी लावण्येला...

"इथें पी तसें," ते एकदम म्हणाले. कॉफीच्या थर्मासमधलं गरम पाणी त्यांनी पेल्यात ओतलं, तिच्या हातात दिलं. "तोंड लावून पी. मज कांहीं नाहीं त्याचें. कधींच नव्हतें. अम्मा गेली त्यास किती वर्षें झालीं. पी की."

गोमतीने पेला दोन्ही हातांत धरला, मघाशी धरला होता तसाच. हनुवटीपर्यंत आणला. ते तिच्याकडे पाहत होते. आपण पाहतोय हे लक्षात येऊन त्यांनी मान फिरवली, भिंतीकडे पाहिलं, तरी पेला तिथेच थांबलेला त्यांना कळत होता. मग तिचा डावा हात सुटला, मान मागे गेली, मनगट वर गेलं, आणि पाण्याची धार पडली. ठसका लागला. ठसक्यामागून खोकला आला, आणि खोकता खोकता ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पेला धरलेला हात नकारार्थी हलवत.

"नाहीं होत," ती म्हणाली. "तुमच्यापुढें नाहीं होत. हुंदे."

हुंदे. असू दे. रागावली नव्हती ती. रागावली असती तर त्यांना काहीतरी करता आलं असतं — समजूत घालता आली असती, स्वतः रागावता आलं असतं. खोली बदलता येत होती, नवरा बदलता येत नव्हता, आणि हे तिने कुठलाही दोष न देता, आजारात जे ते सोयीने ठेवावं तसं ठेवून दिलं होतं. तिकडे गेल्यावर ती परत येणार नाही, हे तिलाही माहीत होतं. इथे राहिली तर झोपणार नाही. यांच्या मधे उपाय कुठे होता? झाडपाल्यात नव्हता, गिरिधरच्या फोनमधे नव्हता.

"मी बाहेर बसतों," ते म्हणाले. "तूं नीज."

"दार लोटून घ्या."

त्यांनी दार लोटलं आणि ते पायरीवर बसले. खुर्चीवर बसवेना. उजेड उतरत होता. शेतांवरून धूर येत होता, कुणीतरी पेंढा जाळत असावं, आणि बागेतले दिवे अजून लागले नव्हते. लावण्या अजून आली नव्हती. ती आली की तिला काय सांगायचं, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. हो म्हणायला तोंड उघडायचं, एवढंच खरं तर काम होतं, आणि नाही म्हणायचा हक्क आपल्याला उरलेला नाही हेही कळत होतं. तरी दोन्ही शब्द कुणा तिसऱ्याच्या तोंडचे वाटत होते.

आत पलंग कुरकुरला. ती आडवी झाली असावी. जराशाने खोकला सुरू झाला, न धरलेला, मोठा, दाराच्या या बाजूला माणूस जागा आहे याची पर्वा न करता येणारा. आज दुपारपर्यंत त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता. त्यांचे हात गुडघ्यांवर होते. उठायची वेळ झाली, दिवा, शेगडी, पेला, हे सगळं अंगात एकदा हललं आणि जागच्या जागी बसलं. खोकला लांबत गेला, थांबला, श्वास सापडेपर्यंतची ती पोकळी आली, आणि पुन्हा सुरू झाला. गुरुमूर्ति उठले नाहीत. न उठणं फार कठीण जाईल, जीव कासावीस होईल, असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ते बसून राहिले, खोकला ऐकत, शेजारच्या घरातला ऐकावा तसा. आणि हे इतकं सोपं जातंय, याची त्यांना भीती वाटायला लागली.